नित्य स्मरण आणि संसाराची चिंता

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मुळातच भिन्न मानले आहेत. या चारांपैकी मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच, हा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणाचा गाभा होय. परमेश्वराचे सन्निधान ज्यांना लाभले त्यांचा आचार सेवादास्याचा होता. असन्निधानात जगणाऱ्या जीवाला मात्र स्मरण हाच मुख्य आधार राहतो. अनुसरलेल्या साधूच्या दिनचर्येत अटन, विजन, भिक्षा, भोजन यांची मांडणीही स्मरणाला अवकाश मिळावा याच हेतूने झालेली दिसते.

परंतु वासनिक व नामधारक मंडळींकडून अलीकडे वारंवार एक प्रश्न विचारला जातो. शेतीचे कर्ज, नोकरीतील ओढाताण, मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण यांनी मन सतत ताणलेले असते. हा ताण हलका व्हावा म्हणून रोज स्मरणाला बसावे काय, आणि बसल्यास तो हलका होतो काय? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात शास्त्रदृष्ट्या एक अडचण दडलेली आहे. तिचा उलगडा झाल्याशिवाय स्मरणाची सवय लागत नाही, आणि लागली तरी टिकत नाही.

अडचण अशी की, अमुक दुःख जावे म्हणून अमुक कर्म करावे, ही रीत देवताभजनाची आहे. देवता आपल्या सामर्थ्याप्रमाणे मर्यादित फळे देतात आणि फळ भोगून संपले की जीव पुन्हा होता तेथेच येतो. परमेश्वराचे नाम जर केवळ चिंतानिवारणाचा उपाय म्हणून घेतले, तर मुखी नाम परमेश्वराचे आणि मनी व्यवहार देवतेशी करावयाचा, असा प्रकार होतो. मग आठ दिवस स्मरण करूनही कर्ज फिटले नाही किंवा झोप लागली नाही, की विकल्प उठतो आणि गाठी खुंटीला जाते. येथे दोष स्मरणाचा नसून ठरवलेल्या सौद्याचा आहे. स्मरण परमेश्वराच्या प्राप्तीसाठी, त्याच्या वियोगाची जाणीव जागी राहावी म्हणून करावयाचे असते. मनाला मिळणारे स्वास्थ्य ही वाटेवरची सावली होय. सावली मिळाली तर चालणाऱ्याने थोडे विसावावे. सावलीसाठीच जो निघाला, तो पहिल्या झाडाखाली थांबतो.

दुसरी तक्रार असते ती अशी की, ‘मन एकाग्र होत नाही.’ ही तक्रार नीट तपासून पाहण्याजोगी आहे. ज्याला सावकाराच्या हप्त्याची चिंता लागली आहे तो रात्रीचे तीन प्रहर त्या एकाच विषयावर जागा असतो. सावकाराचे नाव त्याच्या ओठावर असते, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे असतो, तो मागील खेपेस काय बोलला हे शब्दशः आठवते आणि उद्या दारात येऊन तो कसा उभा राहील हेही दिसते. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा या चारही अंगांनी हे स्मरण पुरे झाले आहे. केवळ त्याचा विषय चुकला आहे. चिंता हेही एक स्मरणच होय, मात्र ते प्रपंचाचे होय. म्हणून जीवाकडे एकाग्रतेची शक्ती नाही असे म्हणता येत नाही. ती आहे, आणि रोज खर्चही होते. साधकाचे काम नवी शक्ती मिळवण्याचे नसून असलेल्या शक्तीला तिचा खरा विषय देण्याचे आहे.

याच कारणाने महानुभाव आचारात मन रिकामे करण्यावर भर नाही. रिकाम्या घरात जो तो शिरतो. मनाला निश्चित आणि पुरेसे असे काही द्यावे लागते, आणि पूर्वाचार्यांनी ते मुबलक देऊन ठेवले आहे. लीळांसाठी म्हाइंभटांचे लीळाचरित्र आहे. श्रीमूर्तीच्या वर्णनासाठी केशिराजबासांचा मूर्तिप्रकाश आहे. स्वामींच्या नित्य दिनक्रमासाठी बाइदेवबासांचा पूजावसर आहे, आणि चरणांकित स्थानांसाठी स्थानपोथी आहे. हे ग्रंथ केवळ अभ्यासकांसाठी रचलेले नाहीत. असन्निधानातील मनाला पुरणारी ती शिदोरी आहे.

लीळाचरित्राचा उगमच या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर श्रीनागदेवाचार्यांसारख्या ज्ञानियालाही वियोगाचे दुःख असह्य झाले होते. पुढे रिद्धपुरी ते एकांती बसून स्वामींच्या लीळा एकेक करून आठवीत असत, आणि ते पाहूनच म्हाइंभटांना त्या लिहून ठेवण्याची बुद्धी झाली, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या आणि आचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. रिद्धपूरची वाजेश्वरी त्या लेखनाचे स्थान म्हणून आजही वंदिली जाते. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. याचा अर्थ असा की, रोजच्या स्मरणाने जे मनात ठेवले होते तेच आपत्तीच्या काळी कामास आले. आपत्ती आल्यावर पाठ करावयास बसणाऱ्याच्या हाती ते लागले नसते. दुःखाच्या दिवशी स्मरण व्हावे असे वाटत असेल तर ते सुखाच्या दिवशी करून ठेवलेले असावे लागते.

आता नित्याच्या क्रमाविषयी. लीळाचरित्रातील दिवस उदयाचा, दुपारचा आणि विळीचा अशा पूजावसरांनी बांधलेला दिसतो. वासनिकानेही आपल्या दिवसाला हीच तीन बंधने घालावी. पहाटे उठल्यावर, घर जागे होण्यापूर्वी, गाठी हाती घेऊन एकाच जागी बसावे आणि प्रथम नाम घ्यावे. नामात मन थोडे स्थिरावले की श्रीमूर्ती चरणांपासून आठवावी आणि त्यानंतर एकच लीळा, आरंभापासून शेवटपर्यंत, सावकाश मनात आणावी. सुरुवातीस एवढे पुरे आहे. पहिल्या दिवशी दोन तास बसून आठव्या दिवशी सोडून देण्यापेक्षा घटकाभर बसून वर्षभर न सोडणे श्रेयस्कर. बसताना भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकांत हा विजनाचा आत्मा आहे, आणि ज्याच्या हाताशी सारा बाजार बोलतो आहे त्याला विजन घडत नाही.

दुपारी कामात वेगळे बसणे शक्य होत नाही. तेथे चेष्टास्मरण उपयोगी पडते. जेवावयास बसताना स्वामींची आरोगणा आठवावी, चूळ भरताना गुळळा आठवावा, शेताच्या किंवा कचेरीच्या वाटेवर विहरण आठवावे, अंथरुणावर पाठ टेकताना पहुड आणि उठताना उपहुड आठवावा. असे केल्याने दिवसातील प्रत्येक क्रिया स्मरणाची खूण होते आणि वेळ नाही ही सबब उरत नाही. विळी, निजण्यापूर्वी, दिवसभरात विकार, विकल्प आणि हिंसा कोठे घडली याचा आढावा घेऊन अनुताप करावा आणि पुन्हा नाम घ्यावे. एखादा दिवस चुकला तर खंत असावी, परंतु त्या खंतीचीच नवी चिंता करू नये; दुसऱ्या पहाटे पुन्हा बसावे.

भयाने मन घेरले असता कोणती लीळा आठवावी, असे विचारले जाते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूतळी येऊन लपला, ती लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांनी तो मागितला; स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही, उलट पारध्यांनाच हिंसेपासून परावृत्त केले. त्या सशाकडे साधन कोणते होते? तप नव्हते, ज्ञान नव्हते. धावता धावता तो योग्य ठिकाणी थांबला, एवढेच त्याने केले. चिंतेच्या मागे धावणाऱ्या मनाला रोज पहाटे तेथे नेऊन थांबवणे, हाच स्मरणाच्या सवयीचा अर्थ आहे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. स्मरण हे कर्तव्याची जागा घेत नाही. कर्ज असेल तर हिशेब उघडा करून घरच्या वडीलधाऱ्यांपुढे व जाणत्यांपुढे ठेवलाच पाहिजे. स्मरणाने एवढेच होते की तो उघडा करण्याचे धैर्य येते. दीर्घकाळ झोप न येणे, अन्न नकोसे होणे, जगणेच नको वाटणे ही आजाराची चिन्हे आहेत आणि तेथे वैद्याकडे नेण्यास क्षणाचाही विलंब करू नये. देहाला औषध देणे म्हणजे परमेश्वरावरील निष्ठा उणी होणे नव्हे. अशा माणसाला ‘तुझे स्मरण कमी पडले’ असे म्हणणे ही त्याच्या मर्मावर केलेली हिंसा आहे, आणि अहिंसा हा तर आचाराचा पाया आहे.

हे सारे केवळ गृहस्थासाठी आहे असे मात्र कोणी समजू नये. मठाची व्यवस्था, यात्रेचा खर्च, शिष्यांचे रुसवे यांची चिंता साधूच्याही विजनात शिरते. वेष बदलल्याने स्मरणाचा विषय आपोआप बदलत नाही. तो रोज बदलावा लागतो. वासनिक आणि अनुसरलेला या दोघांनाही पहाट एकच मिळते. त्या पहाटे मन ज्याचे नाम आधी घेईल, त्याचाच तो दिवस होतो.