कामकऱ्याची हाक देवाच्या कानी



आजचा धडा पोटाचा आहे. काम गेले, मजुरी बुडाली आणि वर चार लोकांत अपमान झाला, तर देवाच्या लेकराने काय करावे? हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आलेला आहे. म्हणून हा धडा सावकाश वाचा. एका बैठकीत संपला पाहिजे असे नाही. जो शब्द अडेल त्याखाली रेघ मारा व वर्गात विचारा.

गोदामातला माणूस

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येत असे. वय चाळिशीच्या घरातले. तालुक्याच्या गावी एका धान्याच्या गोदामात तो सात वर्षे कामाला होता. पोती उतरवायची, थप्पी लावायची, काट्यावर वजन करायचे, हे त्याचे काम. सकाळी आठला जाई, दिवस मावळल्यावर सुटे. तरी दमलाभागला वर्गाला येई. सहा महिन्यांत तो लिहायला वाचायला शिकला.

गोदामाचा मुकादम तोंडाचा वाईट होता. आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. पोते फाटले की त्याची किंमत पगारातून कापायचा. आमचा गृहस्थ मान खाली घालून सोसत होता. घरी बायको, तीन मुले व म्हातारी आई. बोलून सांगतो कोणाला?

एके दिवशी हिशेबात बारा पोती कमी भरली. चौकशी काही झाली नाही. मुकादमाने याच्याकडे बोट दाखवले. मालकाने त्याच संध्याकाळी त्याला दाराबाहेर काढले. दीड महिन्याचा पगार बाकी होता, तोही दिला नाही.

तो घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली. "काहीतरी केलं असंल, उगीच का कोण काढतंय?" असे लोक बोलू लागले. वाईट वाटते, पण आपल्या मंडळीतलेही बोलले. पुढच्या रविवारी उपासनेला त्याची बायको मुलांना घेऊन आली. तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तीही आली नाही.

आमची चूक

आम्ही त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. आम्ही म्हणालो, "अरे, धीर धर. प्रार्थना कर. देवाच्या मनात काही चांगलं असेल."

तो म्हणाला, "धीर धरतोच आहे, गुरुजी. पण घरात ज्वारी नाही."

आम्हांला पुढे शब्द सुचला नाही. आम्ही प्रार्थना केली व उठून आलो. वाटेत पाय जड झाले होते. आयुष्यभर मुलांना शिकवले, पण त्या दिवशी धडा आम्हांला मिळाला. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट लिहिली आहे. भाऊ उघडा आहे, भुकेला आहे, आणि आपण त्याला नुसते गोड बोलून वाटेला लावले, तर त्याचा उपयोग काय? असे तेथे विचारले आहे. आम्ही ते कितीदा वाचले होते, पण करायची वेळ आली तेव्हा विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरून पायलीभर ज्वारी आणि थोडी डाळ घेऊन आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी उपदेश केला नाही. नुसते जवळ बसलो. बराच वेळाने तो आपण होऊन बोलला. "गुरुजी, देवानं मला टाकलं का?"

मग आम्ही शास्त्र उघडले.

शास्त्रात काय आहे

पहिल्यांदा आम्ही एलीयाची गोष्ट वाचली. ती पहिले राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलीया केवढा मोठा संदेष्टा! पण राणी जिवावर उठली तेव्हा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. देव त्याला रागावला काय? नाही. देवाने त्याला झोपू दिले. मग दूताकडून भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, तेव्हा पुन्हा उठवून जेवू घातले. बोलणे पुढे झाले. खचलेल्या माणसाला आधी भाकर आणि विसावा लागतो, हे देव जाणतो. तेव्हा आपले मन खचले तर आपला विश्वास मेला, असे समजू नये.

मग याकोबाची गोष्ट वाचली. उत्पत्तीच्या पुस्तकात एकतिसावा अध्याय पाहा. याकोबाने आपला मामा लाबान याच्याकडे वीस वर्षे चाकरी केली. दिवसा ऊन सोसले, रात्री थंडी सोसली. जनावर हरवले तर भरपाई त्याच्याच माथी. मामाने दहा वेळा मजुरी बदलली. म्हणजे मजुरी बुडवणारा धनी ही काही आजची गोष्ट नाही. पण देवाने याकोबाचे कष्ट पाहिले होते. मुकादमाने पाहिले नाही तरी देवाने पाहिलेले असते.

मोशेच्या नियमशास्त्रात तर देवाने मजुरीचा कायदाच घातला आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, गरीब मजुराला, मग तो आपला असो की परका, त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत मजुरी द्यावी. त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. ती अडवून ठेवणे हे पाप आहे. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडत असते आणि ती ओरड प्रभूच्या कानी पोचलेली असते.

हे वाचताना त्या गृहस्थाने बोट त्या ओळीवर ठेवले. अक्षर अक्षर लावून त्याने ती स्वतः वाचली. मग म्हणाला, "म्हंजे माझा पगार मागणं हे पाप नाही?"

नाही. अडवणे पाप आहे, मागणे नव्हे.

काही लोक म्हणतात, ख्रिस्ती माणसाने सगळे गुपचूप सोसावे. त्यांनी प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय वाचावा. फिलिप्पै गावात एका दासीला भूत लागले होते. ती भविष्य सांगे व तिचे धनी त्यावर पैसा कमावीत. पौलाने तिला मोकळे केले. धन्यांची कमाई बुडाली. त्यांनी पौल व सीला यांना धरून नेले. अधिकाऱ्यांनी चौकशी न करता त्यांना छड्या मारल्या व पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत व गाणी गात होते. येथवरची गोष्ट आपण नेहमी सांगतो. पण पुढची सांगत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी, यांना सोडून द्या, असा निरोप धाडला. पौल मुकाट्याने निघून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत. चौकशीवाचून आम्हांला चारचौघांत मारले आणि आता चोरून घालवता काय? अधिकाऱ्यांनी स्वतः यावे, असे त्याने कळवले. आणि ते आले. पौलाने रात्री देवाची स्तुती केली, आणि सकाळी आपला हक्क मागितला. दोन्ही एकाच माणसाने केले.

वहीची साक्ष

वर्गात आम्ही सर्वांना एक सवय लावली होती. रोज झोपताना वहीत एक ओळ लिहायची. या गृहस्थाने तारीख, काम आणि घेतलेली उचल लिहून ठेवली होती. अक्षर वेडेवाकडे होते, पण शेवटच्या चार महिन्यांत एक दिवस सुटला नव्हता.

त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. ती वही घेऊन आम्ही दोघे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात गेलो. मालकाला बोलावणे गेले. मालक म्हणाला, "हा आमचा कायमचा माणूस नाही. कधीमधी येणारा मजूर." साहेबांनी वही चाळली. गोदामातला एक हमालही भीत भीत साक्षीला आला. तीन खेपा झाल्या. अखेर दीड महिन्याचा पगार मिळाला.

नोकरी मात्र परत मिळाली नाही. बारा पोत्यांचे काय झाले, हे कोणी सांगितले नाही. चोरीचा बोल खोटा होता, असेही मालकाच्या तोंडून आले नाही. हे आम्ही लपवीत नाही. सगळ्या गोष्टींचा न्याय येथे होतोच असे नाही. तो गृहस्थ आता गवंड्याच्या हाताखाली काम करतो. मिळकत पूर्वीपेक्षा कमी आहे. पण तो पुन्हा उपासनेला येतो आणि पुढच्या बाकावर बसतो.

आपण काय करावे

1. कामाची नोंद रोज ठेवा. तारीख, काम, मिळालेले पैसे, उचल. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधी देऊ नका. वाचता येते, तर वाचूनच सही करा.

2. कामावरून काढले तर बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असा कायदा आहे. 1936 च्या कायद्यात तो होता व 2019 च्या वेतन संहितेतही आहे. सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीची चौकशी करा. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर ती रक्कम तुमची आहे, मालकाची नाही.

3. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, कारखान्यातील कामगारांना व गरिबांना तेथे फुकट मदत मिळते.

4. घाईने सावकाराचे दार धरू नका. परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. आधी बचत गट, पतपेढी, नातलग यांना विचारा. बायकोला खरी स्थिती सांगा. घरचा खर्च दोघांनी मिळून लिहून काढा. आणि दुःख दारूत बुडवायला जाऊ नका. दारू दुःख ठेवते आणि पैसा नेते.

5. मिळेल ते प्रामाणिक काम करा. पौल तंबू शिवत असे. करिंथ येथे तो ज्यांच्या घरी राहिला ते अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे नवराबायको रोम शहरातून हाकलले गेलेले होते. क्लौद्य बादशहाने यहूद्यांना तेथून घालवून दिले होते. त्यांनी परगावी जाऊन पुन्हा सुई हातात घेतली. त्यात त्यांना लाज वाटली नाही.

6. जीव नकोसा झाला तर एकटे राहू नका. पाळकांना, गुरुजींना, शेजाऱ्याला सांगा. टेलिमानस ही सरकारची फुकट सेवा आहे. 14416 या नंबरावर मराठीतही बोलता येते.

7. ज्याने छळले त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे सर्वांत कठीण आहे. आमच्या गृहस्थाला मुकादमाचे नाव प्रार्थनेत घ्यायला वर्ष लागले. क्षमा केली म्हणजे पगार सोडून दिला, असे नाही. क्षमा मनाने करायची, हिशेब वहीने करायचा.

मंडळीने काय करावे

कोणाचे काम गेले असे कळले, तर आधी त्याच्या घरी जा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. कारण विचारू नका, चूल पाहा. ऐकीव गोष्ट पुढे सांगू नका. अर्ज लिहायला, कचेरीत बरोबर जायला एक माणूस द्या. कचेरीच्या बाकावर एकट्याने बसणे फार जड असते. दर महिन्याला मूठ मूठ धान्य मंडळीत जमा करा, म्हणजे अशा वेळी कोणाच्या दारी जावे लागणार नाही.

आम्ही त्या घरी दुसऱ्यांदा गेलो नसतो तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या मनात येतो. म्हणून हा धडा लिहिला.

प्रार्थना

हे देवबापा, तू आमचे कष्ट पाहतोस. ज्यांचे काम गेले आहे त्यांना आजची भाकर दे. आम्हांला आमचा हक्क नम्रपणे पण न भिता मागायला शिकव. मजुरी अडवणाऱ्यांची मने फिरव. आणि आमच्या हाताखाली कोणी काम करीत असेल, तर त्याचा दाम आम्ही वेळेवर द्यावा, अशी बुद्धी आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

विचार करा व सांगा

1. एलीया खचला तेव्हा देवाने पहिल्यांदा काय दिले?
2. पौलाने तुरुंगातून मुकाट्याने जाण्यास का नकार दिला?
3. आम्ही पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा आमची काय चूक झाली?
4. आज रात्री वहीत एक ओळ लिहा. तारीख, काम, मजुरी. उद्या वर्गात दाखवा.