शब्दाच्या जोडीनं शब्द

मालवण

चि. बाय,


'गोंगमिंग' हा चिनी शब्द पाठ झाला, पण बोलताना आठवत नाही, असं तू लिहिलंस. सुटा शब्द असाच निसटतो. 'गोंग' म्हणजे एकत्र, 'मिंग' म्हणजे नाद करणं. त्या दुसऱ्या अक्षरात तोंड आणि पक्षी शेजारी-शेजारी बसलेत, ते नीट बघून गिरव. ध्वनिशास्त्रातला अनुनादही चिनीत हाच. सतारीची वरची तार छेडली की खालच्या तरफा आपोआप बोलतात, तसं दुसऱ्याचं सुखदुःख ऐकून आपलं मन बोलू लागतं, तेही 'गोंगमिंग'च. 'यिन्छी गोंगमिंग' म्हणजे तो भाव जागवणं, 'छानशंग गोंगमिंग' म्हणजे तो उमटणं. या जोड्याच पाठ कर. सूरही सांभाळ: 'गोंग' वरून खाली येतो, 'मिंग' वर चढतो.

आणि वापरायला आपल्या गावचं काहीतरी घे. दशावतारी नाटकच घे: त्यात संवाद लिहिलेले नसतात. राणी झालेला नट समोरच्या बायामाणसांचा अंदाज घेत विलाप वाढवतो आणि बायका पदर डोळ्यांना लावतात. हे तुझ्या चिनी मैत्रिणीला सांगायला लागलीस, की 'यिन्छी गोंगमिंग'वाचून तुझं वाक्य पुरं होणार नाही. गरज पडली की शब्द टिकतो, असं मला मनापासून वाटतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंच बघ. घराणं मूळचं आपल्या वेंगुर्ल्याचं, जन्म सोलापूरचा, १९१०चा. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यांतले ते एक. कुठे दुखतं हे रोग्याच्याच भाषेत विचारावं लागतं, त्याशिवाय डॉक्टराचं चालत नाही. ते चिनी शिकले, इतके की विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. १९४१ साली तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ला ते तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. चीनमध्ये आजही त्यांची आठवण काढतात. तुझ्या मैत्रिणीला त्यांच्याबद्दल विचार आणि ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत टिपून ठेव.

दशावतारावर पाच वाक्यं चिनीत लिहून पाठव. खाली मराठी अर्थ दे, आजीला वाचून दाखवीन.

तुझा,
मामा