सार्वकालिक जीवन : ख्रिस्ती श्रद्धेतील एका संकल्पनेचा विचार

मराठी बायबलमध्ये ‘सार्वकालिक जीवन’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. ख्रिस्ती नसलेल्या घरातील विद्यार्थ्याने तो वाचला की बहुधा एकच चित्र डोळ्यांपुढे येते. माणूस मेला, पुण्यवान असेल तर स्वर्गात गेला आणि तेथे कायमचा राहिला. म्हणजे आपल्याकडच्या स्वर्गाचीच मुदत वाढवलेली. पुण्य सरल्यावर परत खाली यावे लागत नाही एवढाच काय तो फरक! यंदा धर्माचे तत्त्वज्ञान शिकताना सरांच्या सांगण्यावरून मी नवा करार सलग वाचला. तेव्हा या शब्दाच्या पोटात बरेच काही दडलेले आहे असे दिसले. त्याचाच येथे थोडा विचार करीत आहे.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यातील मूळ शब्द आहेत ‘झोए आयोनिओस’. ‘झोए’ म्हणजे जीवन. ‘आयोनिओस’ हे विशेषण ‘आयोन’पासून, म्हणजे युग या अर्थाच्या शब्दापासून बनले आहे. त्या काळचे अनेक यहुदी लोक काळाचे दोन भाग मानीत : अन्यायाने भरलेले हे चालू युग आणि देवाचे राज्य असलेले येणारे युग. तेव्हा या शब्दाचा एक अर्थ ‘येणाऱ्या युगाचे जीवन’ असा होतो. ‘सार्वकालिक’ म्हटले की फक्त लांबी मनात येते. जीवनाची जातच वेगळी, हा भाव मराठीत निसटतो.

ही कल्पना यहुदी धर्मातही पहिल्यापासून ठळक नव्हती. जुन्या करारातील बहुतेक ग्रंथांत मेलेला माणूस ‘शिओल’ नावाच्या अंधाऱ्या जागी जातो. देवाचा आशीर्वाद म्हणजे दीर्घायुष्य, मुलेबाळे आणि जमीन. मेलेले उठतील आणि काहींना सार्वकालिक जीवन मिळेल असे स्पष्ट विधान दानीएलाच्या ग्रंथात बाराव्या अध्यायात येते. हा भाग इ. स. पूर्व १६५च्या सुमाराचा आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. अंतियोख चौथा या राजाने तेव्हा यहुद्यांचा धर्मासाठी छळ चालविला होता. जे निष्ठेने जगले तेच तरुणपणी मारले गेले. मग दीर्घायुष्याचा आशीर्वाद कोठे गेला? न्यायाच्या या प्रश्नातून ही आशा बळावली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ती आळशी माणसाच्या सुखस्वप्नातून आलेली नाही. पुढे येशूच्या काळीही सदूकी पंथ पुनरुत्थान मानीत नसे, परूशी मानीत.

मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत सार्वकालिक जीवन बहुधा पुढे मिळावयाची गोष्ट आहे. योहानाकडे आलो की क्रियापदाचा काळच बदलतो. विश्वास ठेवणाऱ्याला ते जीवन ‘मिळाले आहे’, तो मरणातून जीवनात ‘आला आहे’, अशी भाषा सुरू होते. सतराव्या अध्यायात तर व्याख्याच आहे : एकमेव खऱ्या देवाला आणि त्याने पाठविलेल्या येशूला ओळखणे, हेच ते जीवन. येथे ‘ज्ञान’ शब्द घातला तर आपण लगेच उपनिषदांकडे वळतो. पण हिब्रू परंपरेत जाणणे म्हणजे संबंध जडणे. आमच्याकडे ‘त्या घराशी आपली ओळख आहे’ असे म्हणतात, तेव्हा त्या घरी हक्काने पाणी मागता येते असा अर्थ असतो. तसे काहीसे हे आहे.

सी. एच. डॉड या ब्रिटिश अभ्यासकाने १९३५ साली ‘देवाच्या राज्याचे दाखले’ या विषयावरील ग्रंथात देवाचे राज्य येशूबरोबर आलेलेच आहे, असे प्रतिपादन केले. योहान वाचताना ते पटते. तरी सहाव्या अध्यायात तोच योहान ‘शेवटल्या दिवशी’ उठविण्याची गोष्टही सांगतो. म्हणून आज सुरू झालेले पण आज न संपणारे, असाच अर्थ घ्यावा लागतो.

दुसरा मुद्दा आत्म्याचा. आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा टाकावयाचा, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असते. ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ भर मात्र पुनरुत्थानावर आहे. ऑस्कर कुलमान यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात दोन मृत्यू शेजारी ठेवले. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला पितो, कारण त्याच्या मते आत्म्याची सुटका होत आहे. येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, कारण त्याच्या दृष्टीने मरण हा खराखुरा शत्रू आहे. त्यावर विजय मिळवावयाचा तर देवाने नव्याने निर्माण केले पाहिजे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, बियाचा दृष्टांत दिला आहे : पेरतो ते वेगळे, उगवते ते वेगळे, तरी ते त्याचेच असते. (मेलेले बी उगवत नाही हे कोणताही शेतकरी सांगेल, पण पौल काही शेतकी शिकवीत नव्हता.)

आपल्याकडील जीवन्मुक्तीशी योहानाचे साम्य चटकन जाणवते, कारण दोन्हींत मरणाची वाट पाहावी लागत नाही. पण अद्वैतात शेवटी दोनपण उरत नाही. ख्रिस्ती कल्पनेत देव आणि माणूस दोघे उरतात आणि त्यांच्यात प्रेम उरते. या बाबतीत मोक्ष नको, भक्तीसाठी पुन्हा जन्म दे असे मागणारे तुकोबा मला अधिक जवळचे वाटतात. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द योजला, तो केवळ सोयीसाठी नसावा.

आता एक आक्षेप. मार्क्सने १८४४ साली धर्माला लोकांची अफू म्हटले. ज्यांच्या घरी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातात त्यांना हा आक्षेप पुस्तकी वाटत नाही. मेल्यावर मिळेल म्हणून आज गप्प बसा, असे आमच्या वाडवडिलांना पुष्कळांनी सांगितले आहे. पण लूकमध्ये एक शास्त्री सार्वकालिक जीवनाची वाट विचारतो, तेव्हा येशू त्याला वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, आणि त्याला उचलणारा निघतो यहुद्यांनी तुच्छ लेखलेला शोमरोनी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर भुकेल्याला अन्न दिले की नाही यावरच निवाडा आहे. या शिकवणीचा उपयोग गरिबाला झोपविण्यासाठी झाला असेल. तिच्यात मात्र झोप नाही.

त्याच अध्यायाच्या शेवटी अडचण येते. तेथे जीवनाला लावलेले ‘आयोनिओस’ हेच विशेषण शिक्षेलाही लावलेले आहे. संत ऑगस्टीनने म्हटले, एकाच वाक्यातील एकच शब्द, तेव्हा दोन्ही सारखीच अनंत. चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी मात्र शिक्षा शुद्धीसाठी आहे आणि अखेर सर्व देवाकडे येतील अशी आशा बाळगी. चर्चच्या परंपरेत ऑगस्टीनचे मत प्रबळ ठरले. मला त्याचे व्याकरण बिनतोड वाटते, पण मन ग्रेगरीकडे जाते.

कारण माझी आजी. तिला अक्षरओळख नव्हती, येशूचे नाव तिने ऐकले असेल असे वाटत नाही. एकादशी तिने कधी चुकविली नाही आणि दारी आलेल्याला भाकरीशिवाय पाठविले नाही. तिचे काय, असे मी माझ्या कॅथलिक वर्गमित्राला विचारले. त्याने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४चा दस्तऐवज आणून दिला. स्वतःचा दोष नसता ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असा त्याचा आशय आहे. सर्व ख्रिस्ती पंथांना हे मान्य नाही, हेही त्याने सांगितले. मी त्याला मत्तयाचाच अध्याय पुन्हा दाखविला. तेथे उजवीकडचे लोक चकित होऊन विचारतात, आम्ही तुला केव्हा जेवू घातले? आपण कोणाला वाढले हे त्यांनाही ठाऊक नसते. मित्र थोडा वेळ वाचीत बसला, मग म्हणाला, “रविवारी फादरना विचारतो. तूही ये.”