ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी तपासता येतं का?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी सकाळी ‘डी’मध्ये टाकली की क्षणभर अडखळते, मग झटका देऊन निघते. गिअरबॉक्सचं तेल कमी झालं असेल का?

उत्तर : शक्यता आहे. पण आधी मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सचा प्रकार पाहा. एएमटी असेल तर त्यात सहसा एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) नसतं, साधं गिअर ऑइल असतं. सीव्हीटीचं तेलही वेगळं. चुकीचं तेल ओतणं हे कमी तेलापेक्षा वाईट.

गिअरबॉक्सला डिपस्टिक असेल, तर गाडी थोडी फिरवून तेल गरम करा आणि सपाट जागी उभी करा. हँडब्रेक लावा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून ‘पी’त आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून; मॅन्युअल सांगेल तेच खरं. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, मग पातळी बघा. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर, पारदर्शक असेल तर उत्तम. काळपट असेल आणि करपट वास येत असेल तर गिअरबॉक्समधले क्लच झिजत असावेत. दुधट गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी चालवूच नका.

हे तेल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहे, ती शोधाच. वरच्या खुणेपलीकडे भरू नका, फेस होऊन तेलाचा दाब घटतो. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे लिफ्टवर, ठरावीक तापमानाला प्लग उघडून तपासावं लागतं. ते काम गॅरेजचंच.