‘पप्पा, टीव्ही लॅग मारतोय!’

आई-बाबांनो,

एप्रिल लागला की जालन्यात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा चाळिशी ओलांडतो, शाळा सकाळची होते आणि घरी आलेली मुलं जेवण उरकून टीव्हीसमोर बसतात. कुणाकडे मामाने पुण्याहून आणलेला प्लेस्टेशन असतो, कुणाकडे जुना एक्सबॉक्स, तर बऱ्याच घरांत मोबाइलवरचाच गेम टीव्हीवर घेतलेला असतो. थोड्या वेळाने बैठकीतून आवाज येतो, “पप्पा, टीव्ही लॅग मारतोय! मी बटन दाबलं होतं!” स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेले पप्पा नुकते आडवे झालेले असतात. आतून उत्तर येतं, “बंद कर तो टीव्ही, नाहीतर उचलून फेकीन.” दार आपटतं, आणि संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

आज या तक्रारीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. आपल्याला वाटतं, हरला म्हणून पोरगा कारण सांगतोय. पण बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. टीव्ही खरोखरच उशीर करत असतो आणि तो उशीर रिमोट घेऊन पाच मिनिटांत कमी करता येतो. मुलाचं म्हणणं खरं निघालं आणि ते तुम्ही मान्य केलंत, तर पुढे ‘आता पुरे’ हे तुमचं म्हणणंही तो ऐकून घेईल, असा माझा विश्वास आहे.

आधी हा उशीर कुठून येतो ते पाहू. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पेटीसारख्या टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेला असेल. त्या टीव्हीत सिग्नल येईल तसं चित्र काचेवर ओळीओळीने उमटायचं. आलेलं चित्र थांबवून ते सजवायची सोय त्यात नव्हती. बटन दाबलं की मारिओ उडालाच. आजचा चपटा टीव्ही मात्र आतून एक छोटा संगणक असतो. आलेलं प्रत्येक चित्र तो क्षणभर अडवतो, त्यातले ठिपके पुसतो, कडा ठळक करतो, रंग चढवतो आणि हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेलं तिसरं चित्र घालतो. या सगळ्यात सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून जास्त वेळ जातो. मालिका पाहताना हे कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. गेम खेळणाऱ्याला मात्र कळतं, कारण त्याचं बोट आधी हलतं आणि चित्र मागून येतं.

दहावा भाग म्हणजे काही नाही, असं वाटेल. क्रिकेटचा हिशोब करून पाहा. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोचतो. त्यातला सेकंदाचा दहावा भाग टीव्हीनेच घेतला, तर फलंदाजाला मिळणाऱ्या वेळातला जवळजवळ पाव हिस्सा गेला. मैदानावर कुणी असा वेळ कापला असता, तर आपणच पंचांवर ओरडलो असतो. मग क्रिकेटच्या गेममध्ये वेळेवर बॅट फिरवूनही त्रिफळा उडालेलं पोर चिडलं, तर त्याला नुसतं हट्टी कसं म्हणायचं?

तेव्हा एखाद्या रविवारी मुलाला शेजारी बसवा आणि दोघं मिळून टीव्हीचं चित्र लावा. मेनू इंग्रजीत असतो म्हणून मागे हटू नका. वाचू त्याला द्या, ठरवा दोघांनी.

सगळ्यात आधी पाहा, टीव्ही अजून दुकानाच्या मोडवर तर नाही ना. ट्यूबलाइटच्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून शोरूममध्ये स्टोअर मोड किंवा डेमो मोड लावलेला असतो. टीव्ही भिंतीवर बसवायला आलेला माणूस कधी कधी तो तसाच ठेवून जातो. घरासाठी होम मोड हवा.

मग गेम ज्या एचडीएमआय जागेत जोडलाय, तिथे जाऊन पिक्चर मोड बघा. बहुतेक घरांत तो व्हिविड, डायनॅमिक किंवा स्टँडर्ड असतो. तो गेम करा. काही टीव्हींत गेम मोड पिक्चरच्या यादीत सापडत नाही. तो जनरल किंवा एक्स्टर्नल डिव्हाइस या भागात असतो. हा मोड लावला की टीव्ही बरीचशी सजावट सोडून देतो आणि चित्र लवकर पुढे सरकवतो. चांगल्या टीव्हीत शंभर मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा, उशीर मग दहा-वीसवर येतो. नवा टीव्ही आणि नवा कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स, असेल, तर ‘ऑटो लो लेटन्सी’ नावाची सोय चालू ठेवा, म्हणजे गेम सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो. टीव्हीत गेम मोडच नसेल, तर हालचाल मऊ करणारी सोय हाताने बंद करा. एलजी तिला ट्रूमोशन म्हणतं, सोनी मोशनफ्लो, सॅमसंग ऑटो मोशन प्लस, आणि काही कंपन्यांच्या मेनूत नुसतं एमईएमसी लिहिलेलं असतं. सिनेमे पाहतानाही ती बंदच बरी. २०१८ साली अभिनेता टॉम क्रूझने व्हिडिओ काढून प्रेक्षकांना हेच सांगितलं होतं, कारण तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो.

इथे आजी विचारतील, “अन् माझी मालिका?” त्यांना सांगा, बहुतेक टीव्हींत प्रत्येक जोडणीचं चित्र वेगळं लक्षात ठेवता येतं. कन्सोलच्या जागी गेम मोड आणि सेट-टॉप बॉक्सच्या जागी आजींना आवडेल ते, असं दोन्ही नांदतं. यावरून घरात भांडण होण्याचं कारण नाही.

आता बारीकसारीक गोष्टी. कडेचा स्कोअर किंवा कोपऱ्यातला छोटा नकाशा कापला जात असेल, तर टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतोय. चित्राच्या कडा झाकायची ही सवय पेटीच्या टीव्हीपासून चालत आली आहे. पिक्चर साइजमध्ये ‘फिट टु स्क्रीन’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा. शार्पनेस खाली आणा. तो वाढवल्याने चित्रातला तपशील वाढत नाही, अक्षरांभोवती पांढरी किनार तेवढी उमटते आणि डोळ्यांना टोचते. रंगाचं तापमान ‘कूल’ असेल तर ‘वॉर्म’ करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळ्यांना सवय होते आणि जुनं चित्रच निळसर वाटू लागतं.

उजेडाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पूर्ण पडद्याचा प्रकाश बॅकलाइटने कमी-जास्त होतो, तर अंधाऱ्या भागात किती दिसावं हे बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेसने ठरतं. काही नव्या टीव्हींत मात्र बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि अंधाराची पट्टी ब्लॅक लेव्हल किंवा शॅडो डिटेल या नावाने वेगळी असते. गुहेतला शत्रू दिसत नाही म्हणून मुलं सगळाच प्रकाश शंभरावर नेतात. मग रात्रीच्या खोलीत पडदा डोळ्यांवर येतो आणि गुहा मात्र अंधारीच राहते. गेमच्या स्वतःच्या मेनूत बहुधा एक चाचणी असते: चिन्ह जेमतेम दिसेल इतपत पट्टी सरकवा, असं ती सांगते. ती चाचणी मुलाकडून नीट करून घ्या. बॅकलाइट दुपारी वाढवावा, रात्री उतरवावा. वीज वाचवणारा इको मोड अधूनमधून आपोआप चित्र मंद करत असेल, तर खेळताना तो बंद ठेवा. स्वस्त टीव्हीवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणारी सोय, लावल्याने चित्र उलट फिकट किंवा काळवंडलेलं दिसत असेल, तर कन्सोलमधून एचडीआर बंद करायला बिचकू नका. खोक्यावर तो शब्द छापला म्हणून पडद्यात तेवढा प्रकाश असतोच असं नाही.

आणि मोबाइलचा गेम वायफायवरून टीव्हीवर घेतला असेल, तर उशीर राहणारच. त्यात फोन चित्र आवळून पाठवतो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडतो, म्हणून गेम मोडने थोडाच फरक पडेल. फोनमधून केबलने चित्र बाहेर येत असेल तर ती जोडा. नसेल येत, तर जोरात चालणारे गेम फोनवर आणि सावकाश चालणारे टीव्हीवर, अशी वाटणी करा. यासाठी नवा फोन घ्यायची गरज नाही.

चित्र लागलं. आता डोळ्यांचं बोलू, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. टीव्हीजवळ बसल्याने डोळे फुटत नाहीत. पण जे मूल कितीही मागे ओढलं तरी पुढे सरकून बसतं, त्याला लांबचं धूसर दिसत असण्याची शक्यता असते. त्याला रागावण्यापेक्षा तपासून आणा. श्री गणपती नेत्रालयासारखं नावाजलेलं डोळ्यांचं रुग्णालय आपल्या जालन्यातच आहे, तिथे बाहेरच्या जिल्ह्यांतून लोक येतात. आपल्याला तर ते गावातच आहे. टीव्ही ४३ इंची असेल तर पाच-सहा फुटांवर बसणं ठीक. शोकेसच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी लावलेला टीव्ही मान वर करून बघावा लागतो. पडद्याचा मध्य बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या जवळपास हवा. खेळताना पापण्या मिटायचं प्रमाण कमी होतं, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहायला सांगा. खिडकीतून समोरचं कडुलिंबाचं झाड बघितलं तरी चालेल.

पडद्यावरची उघडझाप अंधारात जास्त टोचते, म्हणून खोलीत पूर्ण अंधार करून खेळू देऊ नका. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगाने उघडझाप झाली आणि सुमारे ६८५ जणांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. बहुतेकांना लवकरच बरं वाटलं, पण काहींना झटके आले होते. कन्सोल आणि गेमवर झटक्यांविषयीचा इशारा छापलेला असतो, तो वाचा. ज्या मुलाला कधी आकडी आली असेल, त्याच्या बाबतीत खेळाआधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांसाठी दिवा चालू, पडदा पुरेसा लांब आणि प्रकाश बेताचा, एवढी खबरदारी पुरते. आणि डोळ्यांसाठी सगळ्यात मोलाचं काम टीव्हीच्या कोणत्याही सेटिंगने होत नाही. रोज काही तास बाहेरच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचा नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाठवता येणार नाही, हे खरं. पण सकाळी शाळेआधी आणि उन्हं उतरल्यावर मोतीबागेत, आझाद मैदानावर, गावाकडे असाल तर मळ्यात, त्याला जाऊ द्या आणि तुम्हीही जा.

शेवटचा मुद्दा वेळेचा. ‘पाच वाजता बंद’ असं आपण फर्मावतो आणि पाच वाजता ऑनलाइन सामना ऐन रंगात असतो. तो मध्येच थांबवता येत नाही. सोडला तर संघातले बाकीचे मित्र हरतात. म्हणून घड्याळापेक्षा सामने मोजून ठरवा: दोन सामने, मग बंद. लाईट गेली आणि खेळ पुसला गेला तर तो वेळ कसा धरायचा, हेही आधीच ठरवा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समध्ये पालकांनी वेळमर्यादा घालायची सोय आहे, ती मुलाला सांगून लावा, चोरून लावू नका.

‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या यादीत घेतलं आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिच्या अटी कडक आहेत. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान होत असूनही खेळ वाढतच जाणं, आणि हे सहसा वर्षभर चालून शाळा, घर, झोप यांची घडी विस्कटणं. असं दिसलं तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सुट्टीत दोन तास रमणारं आणि हाक मारली की जेवायला येणारं मूल मात्र आजारी नाही.

आपण दिवसभर कारखान्यात, दुकानात, बियाण्यांच्या कंपनीत, मोसंबीच्या बागेत राबतो. घरी आल्यावर मुलाच्या खेळात डोकं घालायला त्राण उरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुलाला ज्याची आवड आहे, त्यातलं आपल्याला काहीच कळत नसेल, तर आपला नकार त्याला नुसता जोर वाटतो. त्यातलं थोडं तरी कळत असेल, तर तोच नकार त्याला काळजी वाटतो. म्हणून येत्या रविवारी अर्धा तास काढा. त्याला म्हणा, “दाखव बरं, कुठे लॅग मारतोय?” रिमोट त्याच्या हातात द्या, त्याला शिकवू द्या, एक डाव स्वतःही खेळा. मग किती वेळ खेळायचं ते दोघं मिळून ठरवा आणि ठरलेलं दोघांनीही पाळा.