कथालेखन : अपेक्षापूर्ती व अपेक्षाभंग

कथेचा शेवट मनाला भिडावयाचा, तर पात्राची अपेक्षा आरंभीच स्पष्ट झाली पाहिजे. यासाठी प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) ही कथा वर्गात सांगावी. तव्यावरून पोळी काढताना आजीची बोटे भाजतात, म्हणून हमीद ईदच्या जत्रेत खेळणी-मिठाई न घेता तीन पैशांचा चिमटा घेतो. येथे थांबून 'आजी काय म्हणेल?' याचे उत्तर मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. मग मूळ शेवट सांगावा : आजी प्रथम रागावते, कारण कळताच तिचे डोळे भरून येतात. राग व अश्रू, दोन्ही मायेतूनच येतात, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. त्यानंतर मुलांनी स्वतःच्या अपेक्षेवर दहा ओळींची कथा लिहावी. एखाद्याची अपेक्षा अपुरीच राहिली असेल, तर शेवट गोड करण्याचा आग्रह शिक्षकांनी धरू नये.