माणशी एक परवानगी

पुणे

चि. सायली,


दिवाळीला येताना वाटेत तीन दिवस लंडन करायचा बेत ताईने, तुझ्या आईने, फोनवर सांगितला. नेवार्क ते लंडन आणि पुढे मुंबई अशी तिकिटंही तू पाहून ठेवली आहेस म्हणे. अमेरिकन पासपोर्टला लंडनचा व्हिसा लागत नाही, असं तू मला मागे लिहिलं होतंस. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. शिवाय तुमच्या घरात माणसं पाच आणि पासपोर्ट दोन देशांचे. इतकी वर्षं तिकिटांच्या धंद्यात काढल्यावर हे तुला वेळेवर सांगितलं नाही, तर मला चैन पडणार नाही.

ब्रिटनने ८ जानेवारी २०२५पासून अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन अशा पासपोर्टांना प्रवासाआधी ऑनलाइन परवानगी काढणं सक्तीचं केलं. तिला ईटीए म्हणतात. २ एप्रिलपासून युरोपातल्या लोकांनाही ती लागू झाली. पहिलं वर्षभर अंमलबजावणीत थोडी ढिलाई होती. २५ फेब्रुवारी २०२६पासून ती संपली. आता परवानगी नसेल तर विमानातच चढू देत नाहीत. कागदपत्रांशिवाय प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी २००० पौंड दंड बसू शकतो. त्यामुळे लंडनच्या अधिकाऱ्याच्या आधी नेवार्कच्या चेक-इन काउंटरवरची मुलगीच तुम्हाला अडवेल, आणि तिथे रदबदली चालत नाही.

ही परवानगी कुटुंबाला मिळत नाही, माणशी घ्यावी लागते. तुझी वेगळी, थोरल्या अर्णवची वेगळी आणि बाळाचीही वेगळी. मांडीवर बसून येणाऱ्या तान्ह्या बाळालाही त्यात सूट नाही. विमानाच्या तिकिटात तान्ह्यांना सवलत असते, म्हणून इथेही असेल असं पुष्कळ आईबाप धरून चालतात आणि नेमके तिथेच फसतात. ही परवानगी त्या-त्या पासपोर्टाच्या पुस्तिकेशी जोडलेली असते. मुदत दोन वर्षांची, पण पासपोर्ट त्याआधी संपला तर परवानगीही संपली. लहान मुलांचे अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, तेव्हा अर्णवचा कधी संपतो ते आजच बघ. नवा काढायचा असेल तर आधी तो हातात येऊ दे, मग ईटीए.

आता जावई अमेयराव आणि ताई. दोघांचे पासपोर्ट भारतीय. भारतीय पासपोर्टाला ब्रिटनची ईटीए मिळतच नाही. लंडन बघायचं तर दोघांनाही रीतसर व्हिजिटर व्हिसा काढावा लागेल. अमेयरावांचं ग्रीन कार्ड किंवा ताईचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा तिथे फिरायला उपयोगी पडत नाही. अर्ज, बोटांचे ठसे, बँकेची कागदपत्रं हे सगळं करून निर्णयाला साधारण तीन आठवडे धर, आणि सणासुदीच्या तोंडावर त्याहून जास्त. तुझं काम मोबाइलवर होईल, त्यांचं महिनाभर चालेल. बेत आखायचा तो या दोघांच्या व्हिशावरून, तुझ्या ईटीएवरून नव्हे.

लंडनमध्ये न थांबता नुसतं विमान बदलायचं असेल तर गोष्ट सोपी होते. हिथ्रोवर पासपोर्ट तपासणीच्या आतच राहिलात तर तुला आणि मुलांना ईटीए लागत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना एरवी आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, पण ग्रीन कार्ड किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असला की त्यातून सूट आहे. म्हणून ताईच्या व्हिशाची तारीख बघून ठेव. मात्र तिकीट एकच हवं आणि सामान थेट मुंबईला टाकलेलं हवं. स्वस्त पडतं म्हणून दोन तुटक तिकिटं घेतलीस, किंवा हिथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं ठरवलंस, तर बाहेर पडावंच लागतं आणि तुझी व मुलांची ईटीए पुन्हा मानेवर बसते.

हे खूळ एकट्या ब्रिटनचं नाही. ऑस्ट्रेलियाने १९९६मध्येच अशी परवानगी सुरू केली होती. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने २००७मध्ये कायदा केला आणि १२ जानेवारी २००९पासून एस्टा नावाचा परवाना सक्तीचा झाला. व्हिसा न लागणारा माणूस कोण आहे, हे तो विमानात बसण्याआधी सरकारला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. लेस्टरच्या तुझ्या मावसभावाचा पासपोर्ट ब्रिटिश आहे. तो तुझ्याकडे येताना हाच एस्टा काढतो. युरोपही ईटायस नावाने हेच आणतो आहे.

अर्ज भरताना एक गोष्ट फार जप. इंटरनेटवर 'यूके ईटीए' शोधलंस की वरच्या जाहिरातींमध्ये सरकारी वाटाव्यात अशा साइट्स येतात. त्या याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतात आणि पासपोर्टाची माहिती कुणाकडे जाते ते कळतही नाही. मी अशी गिऱ्हाइकं पाहिली आहेत, सुशिक्षित, मोठ्या हुद्द्यावरची. ब्रिटिश सरकारच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट यूके' असतं. तिथूनच त्यांचं अधिकृत ॲप घे आणि त्यातच भर. जानेवारी २०२५मध्ये शुल्क १० पौंड होतं, एप्रिलमध्ये १६ झालं. ते पुन्हा बदलू शकतं, म्हणून भरण्याच्या दिवशी सरकारी पानावर दिसेल तोच आकडा खरा. उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं, तरी तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेव.

नावं पासपोर्टावर आहेत तशीच. आपल्याकडे बापाचं नाव मधे घालायची पद्धत, लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुणाचं एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. तुझं तिकीट सासरच्या आडनावाने काढलंस आणि पासपोर्टावर माहेरचं असलं, तर ईटीए निर्दोष असूनही काउंटरवर अडशील. शून्य आणि 'ओ' यांची गल्लत पासपोर्टाच्या नंबरात हमखास होते. गुन्ह्यांविषयीचे प्रश्न येतील, त्यांची उत्तरं जशी असतील तशीच दे. नकार आला तर त्यावर अपील नसतं, मग व्हिशाचाच रस्ता धरावा लागतो. आणि परवानगी आली म्हणजे प्रवेश पक्का झाला असंही समजू नकोस. ती प्रवासाची परवानगी आहे. आत घ्यायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी असू दे.

भारताकडूनही एक काम बाकी आहे. तुझं आणि अर्णवचं ओसीआय कार्ड आहे, बाळाचं नाही. ते दिवाळीपर्यंत होणार नसेल तर बाळासाठी ई-व्हिसा काढ. भारताने ही सोय २७ नोव्हेंबर २०१४ला सुरू केली. मंजुरीचा जो कागद ईमेलवर येतो, त्याचं नावही ईटीएच आहे. तो छापून जवळ ठेव. ब्रिटनच्या ईटीएसारखा तो नुसता पासपोर्टाशी जोडलेला आहे असं धरून चालू नकोस. टूरिस्ट ई-व्हिशाचा अर्ज निदान चार दिवस आधी हवा, मी म्हणेन तीन आठवडे आधी कर. बाळाच्या पासपोर्टाची मुदत निदान सहा महिन्यांची आणि दोन पानं कोरी असायला हवीत. त्याचा तर अख्खा कोराच असेल.

माझं मत विचारशील तर या खेपेला लंडन सोडून द्या. ताईचे गुडघे दुखतात, बाळ चार महिन्यांचं असेल, आणि दोन व्हिशांची धावपळ या दिवसांत तुला झेपायची नाही. तरीही मुलांना लंडन दाखवायचंच असेल तर माझी हरकत नाही. फक्त अमेयरावांचे आणि ताईचे व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट किंवा हॉटेल घेऊ नकोस. पाचही पासपोर्टांच्या पहिल्या पानांचे फोटो मला या रविवारपर्यंत पाठव, नावं आणि तारखा मी तपासून देतो.

तुझा,
मामा